बस्त्याच्या बाजारातलं पोलंड

कामोठ्यात घाटावरची मंडळी काही कमी नाहीत. शुक्रवारी रात्री सायन-पनवेल हायवेवर बॅगा घेऊन उभी असलेली गर्दी बघा, कोल्हापूरची गाडी धरणारे त्यात हमखास सापडतात. तुमच्या वर्गातही एखादा असेलच. त्याला विचारा, घरातल्या लग्नाचा बस्ता कुठे बांधला? ‘गांधीनगरला’ असं उत्तर आलं तर नवल नाही. कोल्हापूरला लागून असलेली ही कपड्यांची होलसेल बाजारपेठ. पण ही दुकानं थाटण्याआधी तिथे काय होतं, असं विचारलंत तर बहुधा तो गप्प बसेल.

तिथे पोलंड होतं! १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलंच. १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टॅलिन चालून आला. पूर्व भागातल्या लाखो लोकांना सोव्हिएत पोलिसांनी मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं. थंडीने, भुकेने, रोगराईने कित्येक गेले. पुढे १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, स्टॅलिनला मित्रांची गरज पडली आणि या लोकांची सुटका झाली. त्यातले काही इराणमार्गे थेट आपल्याकडे पोचले. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना, नाटकं, स्काउटची पथकं सगळं होतं. एक तरुणी तर कोल्हापूरकराशी लग्न करून कायमची इथलीच झाली. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

हे वाचून कॉलर ताठ झाली ना? जरा थांबा. माणुसकी होतीच, पण दोन रुक्ष प्रश्नांची उत्तरंही आधी मिळाली होती. दार कोण उघडणार आणि पैसे कोण देणार? जागा कोल्हापूर संस्थानातली, परवानगी ब्रिटिशांची आणि खर्चाचा भार लंडनमधून चालणाऱ्या परागंदा पोलिश सरकारवर.

हिटलरच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्या ज्यूंसाठी १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश जमले होते. सहानुभूती भरपूर, दारं मात्र बहुतेकांनी बंदच ठेवली. पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलोय.

मग जगाने काही सुधारलं का? कागदावर, हो. स्वतःच्या लोकांना वाचवायला एखादं सरकार उघडउघड कमी पडलं तर जगाने पुढे यायचं, हे २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी मान्य केलं. गाडी अडते ती सुरक्षा परिषदेत. पाच बड्यांपैकी एकाने व्हेटो वापरला की विषय संपला. २०२२ पासून निदान एवढं झालंय की, व्हेटो पडला की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा होते. ठीक आहे, पण चर्चेने कुणाचं घर जळायचं थांबत नाही.

मला विचाराल तर दाराचा प्रश्न आधी सोडवण्यासारखा आहे. कारण दार उघडायला सुरक्षा परिषदेची परवानगी लागत नाही. आणि इथे आपलीच पंचाईत होते. निर्वासितांच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, देशात त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आले, श्रीलंकेतले तमिळ आले, त्यांना आसरा मिळाला. रोहिंग्यांच्या बाबतीत सरकारची भूमिका परत पाठवण्याची. म्हणजे पळून आलेल्या माणसाचं काय होणार, हे त्याच्यावर काय गुदरलं यावर ठरत नाही. त्या वेळच्या सरकारच्या मनावर ठरतं. कॉलेजच्या एमयूएनमध्ये तुमच्यासमोर भारताची पाटी आली, तर समोरचा नेमकं इथेच बोट ठेवणार. उत्तर तयार ठेवा.

आणि हो, वळिवड्याच्या बराकी पोलिश लोक गेल्यावर ओस पडल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं तिथे राहायला आली. त्या वस्तीचंच पुढे गांधीनगर झालं. पुढच्या बस्त्याला गेलात की साड्यांच्या भावावरून घासाघीस झाल्यावर दुकानदाराला सहज विचारून बघा, तुमचे आजोबा कुठून आले?