नॅनोकण आणि कॅन्सरपेशीचं मरण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नॅनोऔषध म्हटलं की रक्तातून पोहत जाणारा इवलासा यंत्रमानव अनेकांच्या डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात कॅन्सरवरचं सर्वांत परिचित नॅनोऔषध म्हणजे चरबीचा बुडबुडा, लिपोसोम. आकार साधारण 100 नॅनोमीटर, केसाच्या जाडीचा जेमतेम हजारावा भाग. त्याच्या पोटात डॉक्सोरुबिसिन हे केमोचं लाल औषध भरलेलं असतं.

गैरसमज: हे सगळं अजून प्रयोगशाळेतच आहे.
या लिपोसोमला अमेरिकेत 1995 सालीच मान्यता मिळाली. 2012 मध्ये तिथे त्याचा तुटवडा होता, तेव्हा आपल्या सन फार्माचं तसंच औषध, लिपोडॉक्स, तिकडे मागवावं लागलं.

गैरसमज: कण थेट गाठीतच शिरतो, म्हणून त्रास होत नाही.
दहा वर्षांतल्या प्रयोगांचा, मुख्यतः उंदरांवरच्या, 2016 मध्ये आढावा घेतला गेला. निम्म्या प्रयोगांत टोचलेल्या मात्रेपैकी 0.7 टक्के किंवा त्याहूनही कमी भाग गाठीपर्यंत पोचला होता. कणांचा मोठा वाटा यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. काही कणांवर बसवलेलं प्रतिपिंड (अँटिबॉडी) कॅन्सरपेशीला ओळखतं खरं, पण कण तिच्या दारात पोचल्यावरच. लिपोसोममुळे हृदयावरचा ताण आणि केसगळती कमी होते, हा मोठाच फायदा. मात्र तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटू शकतात, आणि पहिलं सलाईन मुद्दाम अगदी हळू सोडावं लागतं, कारण काहींना लगेच रिअ‍ॅक्शन येते.

गैरसमज: पेशी मेली की काम संपलं.
मला या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच: पेशी कशी मरते, यावर बरंच अवलंबून असतं. काही पेशी गुपचूप मरतात, शरीराला पत्ताच लागत नाही. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने मरणारी पेशी मात्र खुणा सोडते. एरवी आत असणारं कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन पृष्ठभागावर येतं, एटीपी हा ऊर्जेचा रेणू बाहेर झिरपतो. या खुणा ओळखून डेंड्रिटिक पेशी, म्हणजे पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी, मेलेल्या पेशीचे तुकडे उचलतात, जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, टी-पेशींना, दाखवतात. 2005 मधल्या एका प्रयोगात अशा मृत पेशी उंदरांना लशीसारख्या टोचल्या. नंतर त्याच कॅन्सरच्या जिवंत पेशी टोचूनही बहुतेकांना गाठ झाली नाही. पण केमो अंगभर पसरली तर या कामाच्या पांढऱ्या पेशीही मरतात. म्हणून औषध, आणि सोबत टी-पेशींना चेतवणारा घटक, एकाच कणात भरून गाठीपाशी नेण्याची खटपट चालू आहे. त्यातलं बरंचसं यश अजून उंदरांपुरतंच आहे.

गैरसमज: म्हणजे इम्युनिटी वाढवणारं काहीही चालेल.
नाही. इथे टी-पेशींना एका विशिष्ट शत्रूची ओळख पटवायची असते. काढ्याने किंवा पावडरीने ते होत नाही.

'नॅनो' नावाने कुणी उपचार विकत असेल, तर कोणत्या कॅन्सरसाठी आणि माणसांवरची कोणती चाचणी झाली, हे विचारा. भारतातल्या औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. आणि चालू असलेली केमो आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपा करून थांबवू नका.