वसईची घंटा, गोदेचा काठ

नाशिकच्या पंचवटीत रामकुंडावर पिंडदान, स्नान आणि भाजीबाजार यांची एकच झुंबड उडालेली असते, त्यामुळे मान वर करून बघणारे थोडेच. जवळच नारोशंकराचं रामेश्वर मंदिर आहे. त्याच्या कोटाच्या नदीकडच्या भिंतीवर, अगदी मधोमध, एका घुमटीत भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर आकडा आहे 1721.

हे साल शकाचं नव्हे. शके 1721 म्हणजे इसवी सन 1799, आणि मंदिर तर 1747 मध्येच उभं राहिलं. आकडा इसवी सनाचाच. म्हणजे घंटा देवळाहून 26 वर्षांनी थोरली, आणि घडवली गेली ती चर्चसाठी. परंपरा सांगते, ती वसईहून आली.

वसई 1534 पासून पोर्तुगीजांकडे होती. त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं हे मुख्य ठाणं. किल्ल्याच्या आतच जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन पंथीयांची चर्च आणि मठ. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. त्या विजयाच्या कहाण्या आपण शाळेपासून ऐकतो, पण चर्चच्या मनोऱ्यांतल्या घंटा पुढे कुठे गेल्या, हे क्वचितच कुणी विचारतं. तोफा ज्या जातीच्या धातूच्या, घंटाही त्याच जातीच्या. त्या वितळवणं अवघड नव्हतं. तरी निदान काही घंटा भट्टीत न जाता घाट चढल्या.

भीमाशंकरला शनिमंदिरासमोर दोन दगडी खांबांमध्ये एक घंटा आहे, तिच्यावर 1729 साल. वाईजवळ नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या घाटावरची घंटा 1707 ची, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी अजून स्पष्ट दिसते. ती कुणी खरवडून काढली नाही. पालीच्या बल्लाळेश्वराकडेही अशीच एक घंटा दाखवतात. वसईत आज ओस मनोरे दिसतात. त्यांचा आवाज ऐकायचा तर ही देवळं पालथी घालावी लागतात.

पंचवटीची घंटा ज्यांच्या देवळावर आहे ते नारोशंकर राजेबहाद्दर पेशव्यांचे मातब्बर सरदार. झाशीची सुभेदारी त्यांनी सांभाळली, मालेगावचा भुईकोटही त्यांचाच. विजयाची खूण म्हणून अशी घंटा कुणी गाभाऱ्यापुढे टांगली असती. इथे मात्र ती नदीसमोर, बाहेरच्या कोटावर आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला काठावरूनच दिसेल अशी. मंदिराच्या अंगावरचं कोरीवकाम इतकं दाट आहे की या निवडीकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. ती निवड मात्र हेतुपुरस्सर वाटते.

याच जागेमुळे घंटेला एक निराळं काम चिकटलं, जे वसईच्या पाद्र्यांच्या किंवा पेशव्यांच्या सरदारांच्या ध्यानीमनीही नसेल. गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात: पाणी गुडघ्याला, कमरेला की छातीला? मारुती बुडाला की नजर घंटेकडे वळते. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं, म्हणजे तो महापूर. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हे आता मोबाईलवर कळतं. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्येही ते आकडे येत होते, तरी माणसं पुलावर जमून मारुतीच किती बुडाला ते बघत होती.