शेवाळातील तेल आणि श्रावकाचे ताट

आषाढ लागला की शहापूर-मुरबाड पट्ट्यातील जमीन ओळखू येत नाही. किन्हवलीच्या आसपासची भातखाचरे पाण्याने भरतात आणि विहिरींचे काठ, जुन्या घरांची जोती, बाजारपेठेतील दुकानांच्या दगडी पायऱ्या यांवर हिरवे, बुळबुळीत शेवाळ चढते. इतरांच्या दृष्टीने ही केवळ घसरण्याची जागा. जैन घरातील श्राविका मात्र तिथे निराळ्या कारणाने पाऊल जपून टाकते. इरियावहियं म्हणताना ज्या जीवांची क्षमा मागितली जाते, त्यांत ओलाव्यावर उगवणारा पणगही आहे, हे तिला लहानपणापासून ठाऊक असते. साधू-साध्वी भगवंतांचा विहार या चार महिन्यांत थांबतो, त्यामागेही ओल्या धरतीवर उगवलेल्या याच असंख्य जीवांचा विचार आहे.

आता तेच शेवाळ डबीत बंद होऊन औषधाच्या दुकानातून घरात येऊ लागले आहे. गरोदर सुनेला डॉक्टर ‘डीएचए’च्या गोळ्या लिहून देतात. माशाच्या तेलाची गोळी चालणार नाही, असे घरचे सांगतात, तेव्हा डॉक्टर शाकाहारी पर्याय सुचवतात. डबीवर हिरवा ठिपका असतो आणि घटकांत लिहिलेले असते, ‘शैवाल तेल’. सासूबाईंचा हात तिथेच थबकतो. मासा टळला, पण अनंतकायाचे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र त्याचे उत्तर देण्याआधी या तेलाची गरज मुळात किती, हे पाहिले पाहिजे.

स्निग्ध पदार्थ म्हणजे केवळ उष्मांकांचे कोठार, अशी समजूत शंभर वर्षांपूर्वीपर्यंत शास्त्रज्ञांचीही होती. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना पूर्णपणे स्निग्धरहित आहार देऊन पाहिला. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांसारखी झाली, शेपट्या झडू लागल्या. १९२९ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत आणि अन्नातूनच घ्यावी लागतात अशी काही मेदाम्ले आहेत, हे त्यातून सिद्ध झाले. त्यांनाच आज आवश्यक मेदाम्ले म्हणतात.

माणसासाठी अशी मूळ मेदाम्ले दोनच आहेत. एक लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-६ कुळाचा मूळपुरुष. दुसरे अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ कुळाचा. पहिल्याची आपल्या स्वयंपाकघरात कधीच वाण नसते. करडई, सूर्यफूल, तीळ, शेंगदाणा यांच्या तेलांत ते आहे, आणि ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात होणाऱ्या खुरासणीच्या तेलात तर ते फार मोठ्या प्रमाणात आहे. तुटवडा पडतो तो दुसऱ्याचा. त्या दुसऱ्यापासूनच शरीर पुढे ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची आम्ले बनवते. डीएचए हा मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या पेशींचा महत्त्वाचा घटक आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत बाळाच्या मेंदूत तो झपाट्याने साठतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीचे मूळ इथे आहे.

अडचण आहे ती या रूपांतरात. शंभराची हुंडी वटवायला जावे आणि हाती पाच-सातच रुपये पडावेत, तसा हा व्यवहार आहे. पुरुषांवरील बहुतेक प्रयोगांत अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा जेमतेम पाच-आठ टक्के भाग ईपीएत रूपांतरित झालेला दिसतो. डीएचएपर्यंत पोहोचणारा भाग बहुधा एका टक्क्याहूनही कमी. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांत हे प्रमाण बरेच अधिक असते, ही निसर्गाची दूरदृष्टीच म्हणायची. त्यात आणखी एक मेख आहे. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ या दोन्ही कुळांना रूपांतरासाठी तीच विकरे लागतात. खिडकी एक आणि रांगा दोन. घरात सूर्यफूल किंवा करडईचे तेल सढळ हाताने वापरले, तर पहिल्या रांगेत इतकी गर्दी होते की दुसऱ्या रांगेतल्याचा नंबर लागत नाही. शाकाहारी माणसाच्या रक्तातील डीएचए मासे खाणाऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी आढळते, त्याचा अर्थ हा.

तरी ‘कमी’ म्हणजे ‘आजार’ नव्हे. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी राहिलेल्या समाजात बुद्धीची किंवा दृष्टीची उणीव होती, असे कोणी म्हणू शकणार नाही.

मग शेवाळ या कथेत कुठून आले? माशाच्या तेलाची कीर्ती १९७० च्या दशकात पसरली. बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधील एस्किमोंच्या रक्ताचा अभ्यास केला आणि तिथल्या मत्स्याहाराचा संबंध हृदयविकाराशी जोडून दाखवला. परंतु मासा हे आम्ल स्वतः फारसे बनवतच नाही. समुद्रातील सूक्ष्म शैवाले ते बनवतात, ती बारीक जलचर खातात, त्यांना लहान मासे आणि लहानांना मोठे मासे. मासा हा मधला दलाल. व्यापारी घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मधला दलाल वगळून थेट उत्पादकाकडे जाण्याचे गणित अमेरिकेतील मेरीलँड राज्यात मांडले गेले. अंतराळवीरांसाठी सूक्ष्म शैवालांचा काही उपयोग होईल का, या १९८० च्या दशकातील संशोधनातून ‘मार्टेक’ नावाची कंपनी उभी राहिली. तिने ‘क्रिप्थेकोडिनियम कोह्नी’ या सूक्ष्मजीवापासून डीएचएयुक्त तेल काढले. २००१ साली अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने ते बाळांच्या दुधाच्या भुकटीत वापरण्यास हरकत घेतली नाही. आज बाजारातील बरेचसे तेल ‘शिझोकायट्रियम’ या दुसऱ्या सूक्ष्मजीवापासून येते.

हे तेल विहिरीच्या काठावरच्या हिरव्या शेवाळाचे नाही, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. हे जीव ऊन न लागता, पोलादी बंद टाक्यांत, साखरेच्या पाण्यावर वाढवले जातात. शिझोकायट्रियममध्ये हरितद्रव्यही नसते. शास्त्रज्ञ त्याला काटेकोर अर्थाने शैवाल मानत नाहीत. वाढ पूर्ण झाली की पेशी फोडून तेल काढतात आणि ते शुद्ध करतात.

आता धर्माचा प्रश्न. अकराव्या शतकातील शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणात साधारण वनस्पतिकायाची जी गणना आहे, तिच्यात कंद आणि कोवळे अंकुर यांच्या जोडीला पणग, शेवाळ आणि भूछत्रे यांचीही नावे आहेत. एका शरीरात एक जीव असेल तर ती प्रत्येक वनस्पती. एका शरीरात अनंत जीव असतील तर ती साधारण, म्हणजेच अनंतकाय. बटाटा-कांदा ज्या कारणाने वर्ज्य, त्याच कारणाने शेवाळही. डबीवरचा हिरवा ठिपका सरकारी व्याख्येने खरा आहे, पण ती व्याख्या श्रावकाची नव्हे. बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटावरही तोच ठिपका असतो.

दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. ओले आले आणि ओली हळद अनंतकाय. परंतु सुंठ आणि हळदपूड जैन घरात पूर्वापार चालते. ती वाळून अचित्त होते, चवीसाठी मूठ-मूठ खाल्ली जात नाही आणि औषधासारखी चिमूटभर लागते, अशी त्यामागची कारणे सांगितली जातात. शैवाल तेल शुद्ध केलेले, अचित्त आणि गोळीच्या मापाचे असल्याने त्याला सुंठीचा न्याय लावावा, असे काही जण म्हणतील. वाळवला म्हणून बटाटा चालत नाही आणि येथे तर अगणित जीव याच हेतूने वाढवून फोडले जातात, असे दुसरे म्हणतील. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. याचा निवाडा औषध विक्रेत्याने किंवा जाहिरातीने करायचा नाही. उपाश्रयात गुरुभगवंतांपुढे डबी ठेवून, ती कशी बनते हे सांगून विचारावे. अर्धी माहिती देऊन मिळवलेली अनुज्ञा कोणाच्याच कामाची नाही.

विचारताना जिवावर बेतल्याची घाई मात्र नको, कारण लाभाचा पुरावा जाहिरातीइतका ठसठशीत नाही. याचे सर्वांत जवळचे उदाहरण बेळगावचे. मराठी आणि जैन या दोन्ही समाजांची मोठी वस्ती असलेल्या या शहरातील केएलई संस्थेच्या रुग्णालयात ‘धनी’ नावाने ओळखली जाणारी चाचणी झाली. त्यात ९५७ गरोदर स्त्रियांची नोंद झाली. एका गटाला विसाव्या आठवड्यापूर्वीपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत दररोज ४०० मिलिग्रॅम शैवाल-डीएचए दिले गेले. दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, पण डीएचए नसलेली गोळी. बाळांचे जन्मवजन आणि वर्षभरानंतरची बौद्धिक वाढ या दोन्ही बाबतींत दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हृदयविकाराबाबत अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाले. २५,८७१ जणांच्या या चाचणीत रोज एक ग्रॅम माशाच्या तेलाने हृदयविकार आणि पक्षाघाताच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय घट झाली नाही. मोठ्या मात्रेने काहींच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो, हेही पुढे आले आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी म्हणूनच आपल्या मनाने या गोळ्या सुरू करू नयेत.

याउलट जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी प्रौढांसाठी ईपीए व डीएचए मिळून रोज २५० मिलिग्रॅम आणि गरोदर स्त्रीसाठी किमान २०० मिलिग्रॅम डीएचए सुचवले आहे, हेही खरे. मुदतीपूर्वी प्रसूतीचा धोका असेल किंवा डॉक्टरांना विशेष कारण दिसत असेल, तर त्यांचे म्हणणे डावलू नये. ‘आमच्यात चालत नाही’ एवढे म्हणून चिठ्ठी परस्पर कपाटात ठेवणे आणि डॉक्टरांना त्याचा पत्ताही लागू न देणे, हा आपल्या घरांतील खरा दोष आहे.

गोळी घ्यायची ठरलीच, तर व्यापाऱ्याच्या नजरेने डबी वाचावी. पुढच्या बाजूला ठळक ‘५०० मिलिग्रॅम’ असते ते बहुधा एकूण तेल. आतले डीएचए किती, हे मागच्या बारीक अक्षरांत सापडते. ‘व्हेज ओमेगा’ नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत निव्वळ जवसाचे तेल असते, म्हणजे डीएचए नव्हेच. जवसाच्या तेलासाठी गोळीचा भाव मोजण्यात काही अर्थ नाही. ‘३-६-९’ असे लिहिलेले असेल, तर ६ आणि ९ आपल्या फोडणीत आधीच आहेत. स्पिरुलिना हेही शैवालच म्हणून विकले जाते. त्यात प्रथिने आहेत, डीएचए नाही, आणि त्यातील बी-१२ चा बहुतांश भाग शरीराला उपयोगी पडत नाही. शेवटी गोळीचे कवच. तेल शैवालाचे आणि कवच जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असेल, तर सगळा खटाटोप व्यर्थ.

बी-१२ चा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट सांगणे भाग आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने शाकाहारी मातांमधील बी-१२ ची कमतरता ठळकपणे पुढे आणली. शाकाहारी घराने पैसे आणि चिंता कुठे आधी खर्च करावी, असा प्रश्न असेल, तर तपासणीच्या यादीत बी-१२ डीएचएच्या वर असावे.

राहिले आपले स्वयंपाकघर. राजस्थानातून आलेल्या घरांत अजून मोहरीचे तेल टिकून आहे; त्यात सुमारे दहा टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. सोयाबीन तेलात सहा-सात टक्के. शेंगदाणा, सूर्यफूल, पाम यांत जवळजवळ नाहीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने एकाच तेलावर विसंबू नये असा सल्ला दिला आहे, तो यासाठीच. घोळीच्या भाजीतही हे आम्ल चांगले असते, पण चातुर्मासात पालेभाजीचा त्याग असतो. अक्रोड उत्तम, २५-३० ग्रॅममध्ये सुमारे अडीच ग्रॅम. परंतु फाल्गुनी चौमासीनंतर सुका मेवा बंद करणारी घरेही पुष्कळ आहेत.

त्यामुळे बाराही महिने साथ देतो तो जवस. १०० ग्रॅम जवसात साधारण २२ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. अमेरिकेतील प्रमाणानुसार रोज पुरुषाला १.६ आणि स्त्रीला १.१ ग्रॅम पुरते, म्हणजे चमचाभर पुडीत दिवसाची गरज भागते. विदर्भात जवसाची चटणी जेवणातच असते. आपल्याकडे मात्र अळशी म्हटले की रंगाचे तेल आणि गुरांची पेंड आठवते. ही आठवण अगदीच गैरलागू नाही. हवेशी संयोग होऊन ज्या गुणामुळे रंग वाळतो, त्याच गुणामुळे दळलेला जवस लवकर खवट होतो. जवसाचे तेल तळणीला वापरू नये. अख्खा दाणा गिळला, तर तो न पचता निघून जातो. हलका भाजून कुटावा. गरोदर स्त्रीने चटणीपुरता घ्यावा, मुठीने घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

किन्हवलीच्या पावसाळी हवेत आणखी एक काळजी लागते. दाणा आणल्यावर आधी पाखडून, नीट निवडून घ्यावा, ओलसर वाटल्यास मंद आचेवर कोरडा करावा आणि आठ दिवसांना पुरेल एवढाच कुटून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा. झाकण उघडल्यावर रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर ती पूड खाऊ नये.