पाणी नको तिथं, हवं तेव्हा नाही

अंबाजोगाईचं सकलेश्वर मंदिर गावात बाराखांबी म्हणूनच ओळखलं जातं. यादवकाळातलं, तेराव्या शतकातलं काम. मंदिराचा बराच भाग गेला, पण काळ्या दगडाचे कोरीव खांब अजून उभे आहेत. त्यात गंजणारं लोखंड नाही, आणि पाणी आलं तरी फुगेल, कुजेल असंही काही नाही. याच गावातल्या पंधरा-वीस वर्षांच्या घरांच्या स्लॅबमधून मात्र सळया डोकावताना दिसतात. दोष सिमेंटच्या माथी मारून भागत नाही. आपल्याकडची बहुतेक घरं पाण्यामुळे बिघडतात: पायाखालच्या, मालातल्या, नाही तर छतावरच्या.

पायापासून सुरुवात करू. बालाघाटाच्या डोंगरावर वसलेल्या या गावात काही ठिकाणी हातभर खणलं की मुरूम लागतो. पण गाव वाढलं तसे प्लॉट शेतात पडले, आणि शेत म्हणजे काळी. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटते, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया काळीतच थांबवला, तर घर दरवर्षी थोडं उचललं जातं आणि थोडं खचतं, तेही सगळीकडे सारखं नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, मे महिन्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटत येणारी भेग हे त्याचं लक्षण. अशा भेगेत पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं. काळी काढून मुरमापर्यंत जायला हवं. काळी फारच खोल असेल, तर तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल घालावेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं ही पद्धत आपल्या मातीसाठी विकसित केली. बांधून झालेल्या घराला निदान भोवतीनं उताराची फरशी करावी आणि न्हाणीचं पाणी जोत्यापासून लांब न्यावं.

आता भिंती. जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं थंड असत, याचा अनुभव मराठवाड्यात घरोघरी आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीच्या भूकंपानं त्यांची दुबळी बाजू दाखवली. जवळपास दहा हजार माणसं गेली. दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, पण आत-बाहेर दगडांचे दोन वेगळे थर आणि मध्ये चिपा नि माती. दोन्ही थरांना आरपार बांधणारा दगड नाही. त्यात वर्षानुवर्षं पाणी मुरून भिंतीला पोट सुटलेलं, आणि डोक्यावर मातीचा जड थर. लाकडी खांब-तुळयांवर छत पेललेल्या खणांच्या घरांपैकी कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी सांगाडा उभा राहिला. ही गोष्ट माळवदाच्या वाड्यात आजही राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. भिंतीला पोट दिसलं, तर ती बाहेरून नुसती सिमेंटनं लिंपू नये. तो भाग उतरवून आरपार दगड घालून पुन्हा रचावा.

त्या भूकंपानंतर लोकांनी सिमेंटचा स्लॅब म्हणजेच सुरक्षितता असं धरलं. ते अर्धंच खरं आहे. स्लॅब भरण्याच्या दिवशी मिक्सरजवळ उभं राहून बघा. माल घट्ट वाटला की कुणीतरी म्हणतं, "पातळ कर," आणि पाइप सुटतो. खरं तर ५० किलोच्या गोणीला २५ ते २७ लिटर पाणी पुरतं, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. जादा पाणी वाळून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. त्या छिद्रांतून ओल नि हवा सळईपर्यंत पोचते. गंजलेली सळई कितीतरी पट जागा मागते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. सळईखाली २० मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, हवा. तिथं गिट्टीचा खडा सरकवतात, तो माल ओतताना निसटतो आणि सळई फळीवर टेकते. सिमेंटचे कव्हर ब्लॉक गवंडी जागेवरच पाडू शकतो.

आणि भरताना सढळ हातानं ओतलेलं पाणी नंतर मारायला कुणाजवळ नसतं, हे मला फार लागतं. बांधकामं निघतात उन्हाळ्यात, आणि आपला उन्हाळा टँकरचा. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. तशा दिवसांत स्लॅब दोन-तीन दिवस भिजवून सोडून देतात. भारतीय मानकानुसार कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस तो ओला हवा. राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल तर १४ दिवस. बोअरचं पाणी वापरत असाल तर आधी तपासून घ्या. सळईच्या कामासाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही, कारण खारं पाणी सळई आतूनच खातं.

छताचं दुखणं बहुधा कठड्याच्या बुडाशी असतं. स्लॅब नि कठडा यांच्या सांध्यात वाटा, म्हणजे सिमेंटचा उतरता भराव, काढलेला नसला, की पहिल्या दोन पावसांतच खालच्या खोलीत पोपडे धरतात. कोब्याला उतार आणि पाइपाच्या तोंडाला जाळी, एवढ्यावर बरंचसं निभावतं.

घर बांधणाऱ्यानं शक्य असेल तर पाया नि स्लॅबचं काम दिवाळीनंतर, थंडीत काढावं. विहिरींना पाणी असतं, ऊन मवाळ असतं. स्लॅबवर मातीची आळी बांधून पाणी साठवलं, खांबांना गोणपाट गुंडाळलं, की थोडक्या पाण्यात काम होतं. मेमध्येच काढावं लागलं, तर माल संध्याकाळी ओतावा आणि पाण्याची टाकी स्लॅबच्या आधी भरून घ्यावी.