लाल फीत ते लॉगिन – भाग ५ : फाईल कुणाकडे आहे?

हिवाळी अधिवेशन जवळ आले की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये रंगरंगोटी सुरू होते आणि मुंबईत मंत्रालयातल्या कार्यासनांवर गठ्ठे बांधले जाऊ लागतात. १९५३च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेला नागपुरातल्या अधिवेशनाचा हा शब्द १९६०पासून बहुतेक वर्षी पाळला गेला. रेल्वेने आठशे किलोमीटरहून लांब फाईल न्यायची, तर आधी कुठली लागेल याचा अंदाज बांधावा लागे आणि तो चुकला की मंत्रालयात फोनाफोनी होई. फाईल संगणकावरच चालवणाऱ्या ई-ऑफिसची गरज पटवायला एवढे पुरेसे होते. त्यात २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाचे वरचे मजले पेटले आणि कागद किती सहज नाहीसा होतो, हेही राज्याने पाहिले. अंतर आणि आग ही दोन्ही कारणे सगळ्यांनाच मान्य होतात. या व्यवस्थेचा खरा लाभ मात्र तिसराच आहे. काम कुणाच्या टेबलावर अडले, हे तिच्यात दिसते. माझ्या मते विरोध होतो तो नेमका याच गोष्टीला.

शासकीय कामातील विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने २००५मध्ये केला. कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे तो सांगतो. पण हे सात दिवस मोजायचे कसे? आवक-जावक नोंदवहीत फाईल आल्याची तारीख असते, पण ती वही त्याच कार्यासनाच्या ताब्यात असते. ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून फाईल खाली पाठवली की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने (एनआयसी) तयार केलेल्या ई-ऑफिसमध्ये पिवळी टिपणी कच्ची असते. ती पक्की होऊन फाईल पुढे गेली की हिरवी होते आणि मग तिच्यात खाडाखोड करता येत नाही. प्रत्येक हालचालीपुढे पाठवणाऱ्याचे नाव, पद आणि वेळ उमटते. २००५चा कायदा मोजण्याजोगा झाला तो इथे.

म्हणूनच पळवाटही लगेच निघाली. समजा, अधिवेशनात एखाद्या सिंचन प्रकल्पावर लक्षवेधी लागली. उत्तर उद्या द्यायचे आहे. विभागाकडून निरोप जातो तो व्हॉट्सॲपच्या गटावर; कार्यकारी अभियंता तक्त्याचा फोटो पाठवतो; त्यावरून उत्तर तयार होते आणि सभागृहात वाचले जाते. सहा महिन्यांनी तो आकडा आला कुठून असे कुणी विचारले, तर फाईलमध्ये काहीच सापडत नाही. माहिती अधिकारात द्यायला कागद नाही आणि पडद्यावर नोंदही नाही. जुन्या टपालवहीत निदान पोच घेतल्याची सही तरी होती. म्हणजे फाईल ई-ऑफिसवर आणि निर्णय मोबाइलवर, अशी वाटणी झाली तर कारभार पूर्वीपेक्षा अधिक अंधारात जातो.

यावर आक्षेप येतात आणि ते वजनदार आहेत. पहिला नेटवर्कचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड किंवा एटापल्लीच्या कार्यालयाला नागपूरचा न्याय लावता येणार नाही. तिथे कागद चालू द्यावा. मात्र त्याला ई-ऑफिसचाच आवक क्रमांक द्यावा आणि जोडणी येताच तो चढवावा. दुसरा आक्षेप निकडीचा : पूर आला असता पिवळी-हिरवी टिपणी कोण लिहीत बसणार? बरोबर आहे. निरोप फोनवरच जावा. पण फोनवरच्या तोंडी आदेशाला मागाहून लेखी पुष्टी देण्याचा शिरस्ता सरकारी कचेऱ्यांत जुनाच आहे. तोच व्हॉट्सॲपला लावायचा आहे. तिसरा आक्षेप उघडपणे क्वचितच मांडला जातो. प्रत्येक मिनिट नोंदले गेले तर कर्मचारी धास्तावतील, विचार न करता फाईल पुढे ढकलतील. ही भीती खोटी नाही. सात दिवसांत फाईल हलली, पण निकाली निघाली नाही, असे होऊ शकते. त्यावर उपाय म्हणजे मोजमाप बदलणे : एकेका टेबलावरचे दिवस मोजतानाच अर्ज आल्यापासून निकालापर्यंतचे एकूण दिवसही मोजावेत. असे केले की ढकलाढकलीचा हिशेबही त्यातच येतो, आणि तो खालच्या लिपिकापुरता न राहता सचिवापर्यंत पोचतो.

म्हणून कोणत्याही मोठ्या कार्यालयाने, मग ते मंत्रालय असो वा महापालिका, लॉगिन वाटण्याआधी एक परिपत्रक काढावे : ई-ऑफिसवर नोंदला गेला तोच आदेश, बाकी सगळा निरोप. या एका ओळीला यंत्रसामग्रीचा खर्च नाही. तिच्यासाठी वरिष्ठांनी आपलाही विलंब दिसू द्यायची तयारी दाखवावी लागते. ती तयारी नसेल, तर संगणक कितीही आणले तरी फाईल कुणाकडे आहे हे विचारायला माणसाला पूर्वीसारखेच कार्यालयाचे जिने चढावे लागतील.

(पुढील भागात : जुन्या अभिलेखांचे स्कॅनिंग – काय ठेवावे, काय सोडावे)