कॅमेऱ्याचा रियाज



लग्नाच्या मांडवात फोटो काढणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. आपल्या शिरूरमध्ये त्याच्याशिवाय लग्न पार पडत नाही. "इकडे बघा, जरा हसा" असे तो सांगतो, फोटो काढतो आणि काम संपले की निघून जातो. पण एखाद्या छायाचित्रकाराने एकाच माणसाचे फोटो सहा वर्षे काढले तर? आणि पुढे तेहतीस वर्षांनी तो त्याच फोटोंकडे परत आला तर? या पाठात आपण अशाच एका छायाचित्रकाराची ओळख करून घेणार आहोत. त्यांचे नाव दयानिता सिंग. त्यांनी ज्यांचे फोटो काढले, ते थोर तबलावादक म्हणजे उस्ताद झाकीर हुसेन.

झाकीरसाहेबांचा जन्म ९ मार्च १९५१ रोजी मुंबईत झाला. त्यांचे बालपण माहीममध्ये गेले. वडील उस्ताद अल्लारखा हे नामवंत तबलावादक होते. ते लहानग्या झाकीरला पहाटे तीन वाजता उठवत आणि तबल्याचे बोल शिकवत. मग झाकीर मदरशात जाई आणि तेथून शाळेत. रोजच्या या सरावाला 'रियाज' म्हणतात. हा तुमच्या उर्दूतलाच शब्द आहे आणि मराठीतही तो जसाच्या तसा वापरतात.

पुढे झाकीरसाहेब अमेरिकेत राहू लागले. त्यांचा तबला भारतीय संगीतापुरता राहिला नाही. गिटार आणि ड्रम यांच्या दणदणाटातले रॉक संगीत तुम्ही ऐकले असेल. 'बीटल्स' या जगप्रसिद्ध रॉक वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांच्या १९७३ च्या ध्वनिमुद्रिकेत झाकीरसाहेबांचा तबला आहे. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्याबरोबर त्यांनी 'शक्ती' हा वाद्यवृंदही उभा केला. मात्र हिवाळा आला की ते भारतात येत. आपल्याकडे मैफिलींचा मोसम हिवाळ्यातच असतो.

दयानिता सिंग यांचा जन्म १९६१ साली दिल्लीत झाला. त्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत होत्या. एकदा झाकीरसाहेबांच्या मैफिलीत फोटो काढायला त्या गेल्या. तेथे आयोजकांपैकी एकाने त्यांना अडवले. त्या झटापटीत त्या सर्वांसमोर खाली पडल्या. दुसरी एखादी मुलगी रडत घरी गेली असती. दयानिता बाहेर थांबल्या. झाकीरसाहेब येताच त्यांनी सुनावले की, आज मी साधी विद्यार्थिनी आहे, पण एक दिवस मोठी छायाचित्रकार होईन, मग पाहू! एवढा मोठा कलावंत, पण त्यांना राग आला नाही. त्यांनी या मुलीला आपल्याबरोबर फिरून फोटो काढण्याची मोकळीक दिली.

मग दयानितांनी एकामागून एक सहा हिवाळे झाकीरसाहेबांबरोबर प्रवास केला. गावोगावच्या मैफिली, लांबचे प्रवास, रंगमंचामागची तयारी, घरातली माणसे, हे सारे त्यांनी टिपले. या प्रवासात त्या केवळ फोटो काढायला शिकल्या नाहीत. मोठा कलावंतसुद्धा रोज मेहनत करतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. म्हणूनच त्या झाकीरसाहेबांना आपले पहिले गुरू मानतात.

मैफिलीत फोटो काढणे किती अवघड असते, हे समजून घेऊ. सभागृहात उजेड कमी असतो. फ्लॅश उडवला तर कलावंताचे लक्ष विचलित होते. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा तिसावा भाग उघडी ठेवली, तर प्रकाश पुरेसा मिळतो. पण तेवढ्या वेळात तबलजीची बोटे हलतात आणि फोटोत ती पुसट दिसतात. झडप सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरतीच उघडली, तर बोटे स्पष्ट येतात. पण फोटो काळोखा होतो. म्हणून छायाचित्रकाराला ताल ऐकत राहावे लागते. समेवर हात क्षणभर थांबला की बटण दाबायचे! ज्याला ऐकता येत नाही, त्याला असा फोटो काढता येत नाही.

त्या काळी मोबाइल नव्हते. कॅमेऱ्यात फिल्मचा रोल घालावा लागे. एका रोलवर साधारण छत्तीस फोटो निघत. अंधाऱ्या खोलीत रोल धुतला की निगेटिव्ह तयार होई. निगेटिव्हमध्ये काळे ते पांढरे आणि पांढरे ते काळे दिसते. निगेटिव्हच्या पट्ट्या कागदावर ठेवून एकत्र छापल्या की एका पानावर सगळे छोटे फोटो मिळत. या पानाला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात. छायाचित्रकार भिंगातून ते पान पाहतो, चांगल्या फोटोभोवती खूण करतो आणि तेवढेच मोठे करून छापतो. बाकीचे फोटो डब्यात पडून राहतात.

संस्थेत शिकत असतानाच दयानितांनी या फोटोंचे एक पुस्तक हाताने तयार केले. फोटो चिकटवले, मजकूर स्वतः लिहिला. १९८६ साली त्यावरून 'झाकीर हुसेन' हे पुस्तक छापले गेले. ते त्यांचे पहिले पुस्तक.

पुढे त्यांनी न्यूयॉर्कला जाऊन शिक्षण घेतले आणि त्यांची कीर्ती जगभर पसरली. त्यांनी फोटोंची लाकडी 'संग्रहालये' बनवली. ती उघडता येतात, मिटता येतात आणि त्यांतले फोटो हवे तेव्हा बदलता येतात. छायाचित्रणातील मानाचा हासेलब्लाड पुरस्कार त्यांना २०२२ साली मिळाला. म्हणजे त्या मैफिलीबाहेर बोललेला शब्द खरा झाला.

पण इतके नाव झाल्यावर त्यांनी काय केले? त्या आपल्या पहिल्या कामाकडे परत आल्या. १९८६ सालचे ते हाताने केलेले पुस्तक त्यांनी २०१९ साली जसेच्या तसे छापून घेतले. विद्यार्थिदशेतले कच्चे काम त्यांनी लपवले नाही. याचे कारण विचार करण्यासारखे आहे. तरुणपणी आपण घाईत असतो. आपल्या फोटोत काय काय आले आहे, हे तेव्हा आपल्यालाही नीट दिसत नाही. डोळा तयार झाला की जुन्याच फोटोत नवे काही सापडते. गवई तोच राग आयुष्यभर गातो, तबलजी तोच कायदा पुन्हा पुन्हा वाजवतो. छायाचित्रकाराचा रियाजही असाच असतो.

१५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाकीरसाहेबांचे निधन झाले. त्यांचा तबला ध्वनिमुद्रणात ऐकायला मिळतो. पण ऐंशीच्या दशकातला तो तरुण कलावंत प्रवासात कसा बसत असे, घरच्यांशी कसा हसत असे, हे सांगायला फोटोच लागतात. ते जपून ठेवले, म्हणून आज ते आपल्याला पाहता येतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी जुने फोटो आणि निगेटिव्ह असतील. त्यांना ओल लागू देऊ नका, बोटांचे ठसे उमटू देऊ नका. घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसा. फोटोतला माणूस कोण, गाव कोणते, साल कोणते, हे विचारा आणि एका वहीत लिहून ठेवा. सांगणारे माणूस आहे तोवरच हे काम होते.

शब्दार्थ

झटापट – ओढाताण
सम – तालाची पहिली मात्रा
कायदा – तबल्यावर विस्तार करून वाजवायची ठरावीक रचना
मोसम – हंगाम

स्वाध्याय

१. झाकीरसाहेबांना राग आला असता, तर पुढे काय घडले असते? तुमचे मत लिहा.
२. मैफिलीत फोटो काढताना कोणत्या अडचणी येतात?
३. घरातील एक जुना फोटो निवडा. वडीलधाऱ्यांना विचारून त्याविषयी दहा ओळी मराठीत लिहा.