‘इंडिका’ म्हणजे देशी झाड नव्हे

पावसाळा तोंडावर आला की खोपोलीच्या शिळफाट्यापासून कर्जतपर्यंत फार्महाऊसवाल्यांची रोपांची खरेदी सुरू होते. देशीच झाडं हवीत, हा आग्रह उत्तम. पण खात्री कशी करतात? शास्त्रीय नावात ‘इंडिका’ दिसलं की झाड आपलं! कितीदा सांगितलं तरी हा समज जात नाही, आणि तो साफ चुकीचा आहे.

कर्दळ बघा. नाव ‘कॅना इंडिका’, मूळ उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेत. चिंचेच्या ‘टॅमरिंडस इंडिका’त तर भारत दोनदा येतो, कारण पहिला शब्दही अरबी ‘तमर हिंदी’वरून आलेला. तरी ती मूळची आफ्रिकेतली मानतात. दोन्ही नावं वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 मध्ये दिली. मूळ शब्द आपल्या ‘सिंधू’चाच, फारसी, ग्रीकमार्गे तो लॅटिनमध्ये ‘इंडिकस’ झाला. पण युरोपीय दर्यावर्दींचं ‘इंडीज’ पूर्वेकडच्या बेटांपासून वेस्ट इंडीजपर्यंत पसरलेलं होतं.

मग चुकीचं नाव बदलत का नाहीत? वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता, कलम 51, वाचा: अर्थ जुळत नाही एवढ्यावरून नाव रद्द होत नाही. ‘सिला पेरुव्हियाना’ पेरूमध्ये उगवत नाही, तरी नाव कायम, हे उदाहरण संहितेनेच दिलं आहे.

‘इंडिकस, इंडिका, इंडिकम’ या तीन जाती, हाही गैरसमजच. मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये: काळा, काळी, काळं. विशेषण प्रजातीच्या नावाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. तीळ ‘सेसॅमम इंडिकम’, आंबा ‘मँगिफेरा इंडिका’. मग ‘टॅमरिंडस’ला ‘इंडिका’ कसं? लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी, शेवट ‘अस’ असला तरी. पिंपळाचं ‘फायकस रिलिजिओसा’ त्यामुळेच.

वडाचं ‘बेंगालेन्सिस’ म्हणजे तो फक्त बंगालचा, असं नाही.

उलट पळस घ्या. ‘ब्युटिआ मोनोस्पर्मा’, नावात भारताचा मागमूस नाही. चपटी शेंग हातात घेऊन बघा: टोकाशी एकच बी. ‘मोनोस्पर्मा’ म्हणजे एकबीजी, बस्स. अस्सल इथलं झाड!

तेव्हा रोप घेताना ‘इंडिका’वर विसंबू नका, झाडाचा मूळ प्रदेश कोणता, ते विचारा. नर्सरीवाल्याला सांगता आलं नाही, तर महाराष्ट्राच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात शोधा आणि मगच खड्डा खणा.